पिंपळाची खुर्ची

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



मला बोलायला वीस मिनिटे दिली आहेत. मी गिरणीतला माणूस, भोंगा झाला की थांबायची सवय आहे. पण आता भोंगाही राहिला नाही, तेव्हा थोडे पुढेमागे झाले तर सांभाळून घ्या. मी काही विद्वान नाही. रात्रशाळेत दहावी झालो, बाकीचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि मोर्च्यात झाले. तरी आज एक विषय मांडायचा आहे. ज्याला तोंड नाही, त्याच्या वतीने कमिटीत कोण बोलणार?

झाड, पाखरू, नदी, नाला, गल्लीतले कुत्रे, यांच्या जगण्यामरण्याचे निर्णय कुठे होतात? ते बैठकीत होतात. कारखान्याची बैठक असते, महानगरपालिकेची असते, सोसायटीची असते आणि आपल्या विहाराचीही असते. चहा येतो, विषय वाचला जातो, हात वर होतात, ठराव मंजूर. ज्याचे मरण त्या कागदावर लिहिले गेले तो मात्र तिथे हजर नसतो. त्याला हजर कसे करायचे, एवढाच माझ्या बोलण्याचा मुद्दा आहे.

आता काही जण मनात म्हणतील, "काय राव, माणसांचे प्रश्न सुटेनात आणि हे झाडांचे घेऊन बसले." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याआधी त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि आपली माणसे पिऊ शकत नव्हती. २०१६ साली गुजरातमधल्या उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. जनावराच्या नावाने माणसाला मारण्याचा हा धंदा आपल्याला चांगला ठाऊक आहे. म्हणून जनावराच्या, झाडाच्या बाजूने बोलायचे म्हटले की आपल्या मनात शंका येते. ती यायलाच पाहिजे.

पण नीट विचार करा. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती, हा गुन्हा नव्हता. पाणी कोणी प्यावे हे ठरवणाऱ्यांत आपला एकही माणूस नव्हता, हा गुन्हा होता. आणि उनामध्ये गाईच्या नावाने जे हात उगारले गेले, त्यांना गाईचे प्रतिनिधी कोणी नेमले होते? कोणी नाही. ते स्वतःच नेमले गेले. तेव्हा आपली तक्रार मुक्याला आवाज देण्याविरुद्ध नाही. मुक्याच्या नावाने भलताच बोलतो आणि त्याला कोणी जाब विचारत नाही, ही आपली तक्रार आहे.

प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके कोणाला कळणार? १९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली ती प्रतिनिधित्वासाठी. ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढले, त्याचे नाव ठेवले 'मूकनायक'. गोलमेज परिषदेत भांडले ते याच गोष्टीसाठी. दुसरा माणूस कितीही दयाळू असला तरी त्याच्या दयेवर आपले भवितव्य सोडता येत नाही, हे आपण त्यांच्याकडून शिकलो. दया करणाऱ्याचे मन बदलले की दया संपते. सभेत जागा असली, ती कागदावर लिहिलेली असली, तर ती मन बदलल्याने जात नाही.

माझ्या गिरणीची गोष्ट सांगतो. माझे वडील १९८२ च्या संपातले. मी १९९० साली दुसऱ्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, पुढे साचेखात्यात कायम झालो. त्या साच्यावर उभा राहिलो की मला एक गोष्ट आठवायची. पूर्वी साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून विटाळाचे कारण पुढे करायचे. पगार जास्त तिथेच आपल्याला बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला, तोपर्यंत कामगारांच्या मागण्यांत ही मागणी नव्हती. म्हणजे बघा, मालक सोडा, कामगारांच्या सभेतसुद्धा जो हजर नाही त्याचे दुःख यादीत येत नाही.

आमच्या गिरणीत कायद्याप्रमाणे वर्क्स कमिटी होती. पाच कामगारांचे, पाच मालकांचे. एक वर्ष मीही त्यात बसलो. खुर्ची मिळाली, चहा मिळाला, पण विषयपत्रिका त्यांची. रंगखात्याचे पाणी तसेच मागच्या नाल्यात सोडायचे. आज नाला लाल, उद्या निळा. कापडाला कोणता रंग चालू आहे हे वस्तीतल्या बायका नाल्याकडे बघून सांगायच्या. त्या नाल्यात पूर्वी मासे होते, कडेला बगळे बसायचे. आधी मासे गेले, मग बगळे गेले. रंगखात्यातल्या एका सोबत्याने कमिटीत विषय काढला तर उत्तर मिळाले, "नाला हा कमिटीचा विषय नाही." आम्हीही गप्प बसलो. बोनसचा विषय पुढे होता ना! दोन-तीन वर्षांनी रंगखात्यातल्या लोकांच्या हातांची सालपटे निघायला लागली. तेव्हा कळले की माशांनी आम्हाला आधीच सांगितले होते, आम्ही ऐकले नव्हते.

२०२० साली टाळेबंदीत आमचे साचे थांबले ते पुन्हा चालू झाले नाहीत. घरी बसल्यावर मी संविधान पुन्हा वाचायला घेतले. त्यात एक गोष्ट ध्यानात आली. १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४३-अ आले. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे ते सांगते. त्याच दुरुस्तीने कलम ४८-अ आले, ते राज्याला पर्यावरण, वने आणि वन्यजीव यांच्या रक्षणाची जबाबदारी देते. आणि त्याच दुरुस्तीने कलम ५१-अ आले, त्यात प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ती दुरुस्ती आणीबाणीत झाली, तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी वाईट होत्या आणि पुढे काढूनही टाकल्या. पण ही तीन कलमे राहिली. कामगाराची खुर्ची आणि झाडा-पाखरांचे रक्षण एकाच दुरुस्तीने संविधानात आले. एकाला बाहेर ठेवून दुसरे मिळत नाही, हे मला नाल्याने शिकवले होते, ते तिथे जुळले.

कोणी म्हणेल, झाड बोलत नाही, मग त्याला खुर्ची कशी देणार? अहो, ज्या कंपनीत मी तीस वर्षे राबलो ती कंपनी मला एकदाही दिसली नाही. तिचे मॅनेजर दिसले, वकील दिसले, सही-शिक्का दिसला. कंपनीला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. तरी ती कोर्टात उभी राहते, दावा लावते, जमीन विकते. कायद्याने तिला व्यक्ती मानले आहे. अज्ञान मुलाच्या वतीने पालक उभा राहतो, त्याला कोर्टाच्या भाषेत वादमित्र म्हणतात. देवळातल्या मूर्तीलाही कायद्याने व्यक्ती मानले आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या एका घराण्याच्या भांडणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असे ठरवले की मूर्तीची बाजू मांडायला स्वतंत्र, कसलाही स्वार्थ नसलेला वादमित्र नेमावा. आपण मूर्तिपूजक नाही, तो विषय वेगळा. पण दगडाला वादमित्र मिळतो आणि जिवंत झाडाला मिळत नाही, हे कोड्यात टाकणारे आहे की नाही?

जगात याची सुरुवात झालेली आहे. न्यूझीलंडमध्ये व्हांगानुई नावाची नदी आहे. तिथल्या मूळच्या माओरी लोकांनी त्या नदीसाठी शंभराहून जास्त वर्षे भांडण केले. शेवटी २०१७ साली तिथल्या पार्लमेंटने कायदा करून नदीला व्यक्ती मानले. तिच्या वतीने बोलायला दोन माणसे, एक माओरींनी सुचवलेला आणि एक सरकारने सुचवलेला. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशाने २००८ साली आपल्या राज्यघटनेतच निसर्गाचे हक्क लिहिले. त्याच्या आधारावर २०२१ साली तिथल्या घटना न्यायालयाने लोस सेद्रोस नावाच्या जंगलातली खाण थांबवली. आणि इंग्लंडमध्ये साबण-शांपू करणारी फेथ इन नेचर नावाची कंपनी आहे. तिने २०२२ साली आपली नियमावली बदलून संचालक मंडळात निसर्गाला जागा दिली. निसर्गाच्या वतीने एक माणूस बैठकीत बसतो, बोलतो आणि मतही देतो. मालकांच्या टेबलावर हे होऊ शकते, तर आपल्या सतरंजीवर का होऊ नये?

आपल्या देशातही एक प्रयत्न झाला. तारीख होती २० मार्च, पण साल २०१७. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना व्यक्ती मानले आणि पालक म्हणून सरकारी अधिकारी नेमले. पुढे काय झाले? राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले. नदी दुसऱ्या राज्यांतूनही वाहते, पूर आला तर भरपाई कोणी द्यायची, अशा अडचणी सांगितल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये निकालाला स्थगिती मिळाली. ज्यांना पालक नेमले तेच पालकत्व नको म्हणाले. न्यूझीलंडमध्ये नदीकाठच्या माणसांना जागा होती, इथे फक्त साहेबांना होती. आपल्या नावाने दुसऱ्याच्या मतावर निवडून आलेला माणूस कसा वागतो, हे पुणे करारानंतर आपण बघत आलो आहोत. तीच गोष्ट इथे लागू आहे. नदीचा प्रतिनिधी नदीकाठचा पाहिजे.

बंधू-भगिनींनो, हे सगळे परदेशातून आलेले नवे फॅड आहे असे समजू नका. आपल्या विनयपिटकात वर्षावासाचा नियम कसा झाला ते आठवा. भगवान बुद्ध राजगृहाला वेळुवनात होते. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करत फिरायचे. लोकांनी तक्रार केली की हे श्रमण हिरवे गवत तुडवतात, बारीक बारीक जीव पायाखाली मारतात, पाखरेसुद्धा पावसात घरटे करून बसतात आणि हे फिरतात. बुद्धांनी ती तक्रार ऐकून घेतली आणि भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे असा नियम केला. आज आपण वर्षावासाचा कार्यक्रम करतो, ग्रंथवाचन करतो, पण त्याच्या मुळाशी गवत आणि किडामुंगी आहे हे विसरतो. भिक्खूच्या जवळच्या मोजक्या वस्तूंत पाणी गाळायचे फडके असते, तेही पाण्यातला जीव पोटात जाऊ नये म्हणून. झाड तोडण्याविरुद्धही नियम आहे. संघ ही एक संघटना होती. तिने मुक्या जिवांचे दुःख ऐकून आपले कामकाज बदलले. आणि ते दुःख कोणी मांडले? गवताने नाही, गावच्या लोकांनी मांडले. बुद्धांनी 'तुमचा काय संबंध' असे विचारले नाही.

आता घरचा विषय. इथे मला माझी चूक सांगायची आहे, म्हणूनच मी बोलायला उभा राहिलो.

या विहाराच्या अंगणातला पिंपळ माझ्याच वयाचा आहे. आपल्या वाडवडिलांनी लावला. पौर्णिमेला आपण त्याच्यापुढे हात जोडतो. २०१२ साली मी कमिटीचा सचिव होतो. अंगणात चिखल होतो म्हणून लादी बसवायचे ठरले. कंत्राटदाराने थेट बुंध्याला लादी भिडवली, वर सिमेंट ओतले. रोज सकाळी अंगण झाडणारी एक आजी होती, आता ती हयात नाही. ती मला म्हणाली, "अरे, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा रे." मी काय उत्तर दिले? "आजी, कमिटीचा निर्णय झालाय." बिलावर सही माझी आहे. आजीचे बोलणे इतिवृत्तात कुठे नाही, कारण ती सभासद नव्हती आणि पिंपळही सभासद नव्हता.

तीन पावसाळे गेले. पश्चिमेकडची बाजू सुकली. एका रात्री मोठी फांदी पाण्याच्या टाकीवर पडली. रात्र होती म्हणून माणूस वाचला. मग पहार घेऊन आम्हीच ती लादी फोडली. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर सिमेंट काढायला सांगितले होते. ते मला नंतर वाचनात आले. पण आजीला ते कुठलाही लवाद न वाचता माहीत होते. ती रोज त्या झाडाजवळ होती आणि मी कागदाजवळ होतो, एवढाच फरक.

आणि हा नुसता झाडाचा प्रश्न नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे पात्र भराव टाकून आवळलेले होते. त्या भरावाचे निर्णय ज्या बैठकांत झाले तिथे नदीच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता आणि झोपडीतला माणूसही नव्हता. पाणी मात्र आधी झोपडीत शिरले. आपल्या विहारातही छातीभर पाणी होते, बाबासाहेबांचा फोटो आम्ही डोक्यावर धरून उभे होतो. ज्यांना विचारले जात नाही ते सगळे एकाच बाजूला असतात, हे त्या रात्री डोळ्यांनी बघितले.

आता पुढच्या महिन्यात आपली सर्वसाधारण सभा आहे. दुमजली सभागृह आणि वर मुलांसाठी अभ्यासिका असा प्रस्ताव आहे. नकाशा मी बघितला. पिंपळाचा कोपरा त्यात गेला आहे. मी बांधकामाच्या विरोधात नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत अभ्यास करणारी मुले मी रोज बघतो, माझी नात त्यातलीच आहे. अभ्यासिका झालीच पाहिजे. पण म्हणून पिंपळाचे म्हणणे ऐकायचे नाही, असे होत नाही. झाड तोडायचे तर महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे. झाडावर नोटीस लावतात, हरकती मागवतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढचे झाड हेरिटेज धरले आहे. पण हरकत घ्यायला माणूस लागतो, नोटीस झाडाला वाचता येत नाही. आणि आपण आपल्या घरात न्याय करायच्या ऐवजी कायद्याची वाट का बघायची?

म्हणून माझी सूचना अशी आहे. कमिटीत एक खुर्ची पिंपळाची ठेवा. नाव पिंपळाची, पण तिच्यात पिंपळावरची पाखरे, अंगणातले जीव, मागचा नाला, सगळे आले.

त्या खुर्चीवर कोण बसेल? जो झाडाजवळ असतो तो. अंगण झाडणारी ताई असेल, पाणी घालणारा मुलगा असेल. शिक्षणाची अट नको. दर वर्षी माणूस बदलावा, म्हणजे कोणी मक्तेदार होणार नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार किंवा कंत्राटदाराचा नातेवाईक त्या जागेवर नको.

त्याने काय करायचे? बांधकाम, लादी, सांडपाणी, मंडप, लाऊडस्पीकर, फटाके, असा कोणताही विषय आला की ठरावाआधी त्याला विचारायचे. तो जे बोलेल ते इतिवृत्तात जसेच्या तसे लिहायचे. त्याच्या विरुद्ध ठराव झाला तर कारण लिहायचे आणि महिनाभर थांबून एकदा पुन्हा विचार करायचा. बहुमत शेवटी बहुमतच राहील. पण शाक्यांच्या संघात रोहिणीच्या पाण्यावरून युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थ एकटा उठून बोलला आणि हरला, हे आपण वाचलेले आहे. ठराव करणारे हात जास्त होते म्हणून त्याचे म्हणणे चूक ठरले नाही. एकट्याला उठून बोलायची जागा असली पाहिजे.

आणि एक बंधन त्या खुर्चीवरही पाहिजे. तिच्या नावाने गरिबाच्या पोटावर पाय देता येणार नाही. नाल्याकाठची झोपडी उठवा, फेरीवाल्याला हाकला, असे पिंपळाच्या तोंडून कोणी वदवू लागले तर त्या माणसाला सभेने जाब विचारावा. ज्याला सभा जाब विचारू शकत नाही तो प्रतिनिधी नव्हे, तो दुसरा मालक.

इंजिनीयर मित्राला मी विचारले. जिना दुसऱ्या बाजूला घेतला आणि खालचा हॉल आठ फुटांनी कमी केला तर पिंपळ राहू शकतो, असे तो म्हणाला. हॉल लहान झाल्याने लग्नाचे भाडे थोडे कमी येईल. हे खरे आहे, मी लपवत नाही. निर्णय सभेने घ्यावा. कदाचित सभा पिंपळाच्या विरुद्ध जाईल, तेही मी मान्य करीन. पण यावेळी त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय नको. २०१२ सारखी सही माझ्याच्याने पुन्हा होणार नाही.

त्या आजीला मी सांगितले होते, कमिटीचा निर्णय झालाय. आज ती असती तर पहिल्या वर्षी त्या खुर्चीवर मी तिचेच नाव सुचवले असते. सर्वसाधारण सभेच्या दिवशी सतरंजीवर एक जागा मोकळी ठेवा, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!